चव लागेल तिथे थांब

२० नोव्हेंबर २०२६

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावाने आशीर्वाद.

येत्या २९ तारखेला आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या दिवसांचा, पहिला रविवार. मोबाइलवरची गाइडेड प्रार्थना रोज लावतोस, पण दहा मिनिटांत डोळा लागतो, आणि जागा राहिलास तरी शेवटी हाती काही आलंय असं वाटत नाही, असं तू म्हणालास. फोनवर याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

त्या प्रार्थना वाईट नसतात. पण सांगणारा सांगत राहतो, मागे पियानो चालू असतो, आणि मध्ये शांतता ठेवली तरी ती अर्ध्या मिनिटाची. तेवढ्यात तर मन नुसतं जागेवर येऊन बसतं, की लगेच पुढची सूचना. मग आपण प्रार्थना करत नाही, प्रार्थना ऐकतो. आणि डोळे मिटून, उशीला टेकून ऐकत राहिलं की झोप येणारच रे, त्यात तुझा काय दोष?

त्यापेक्षा स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड कर. बायबलमधला लूक १:२६–३८ एवढाच उतारा घे, देवदूत मरियेला निरोप सांगतो तो; तेरा ओव्या, म्हणजे तेरा वचनं. सावकाश वाचलंस तर दोन मिनिटं लागतील. मग रेकॉर्डिंग चालूच ठेव आणि पाच मिनिटं काही बोलू नकोस. पुन्हा तोच उतारा वाच. मग दहा मिनिटं काही नाही. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’. झाली वीस मिनिटं. २९ तारखेपर्यंत आठवडाभर हे लावून बसलास की पुढे त्याचीही गरज उरणार नाही.

आणि मराठीत वाच. दिवसभर तुझं सगळं इंग्रजीत चालतं, पण तू लहानपणी रडलास, रुसलास तो मराठीत. ‘बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले’ हे वाक्य नुसतं उच्चारून बघ. बाळंतं म्हणजे जुन्या लुगड्याचा मऊ झालेला तुकडा. गव्हाण म्हणजे जिची कड गुरांच्या मानांनी घासून गुळगुळीत झालेली असते, तळाशी ओला चारा चिकटलेला असतो आणि वर लाळेचा वास असतो. शब्द उच्चारला की वास येतो, आणि ध्यानाला तेच लागतं. फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट. १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी इथल्या भाषेत, ओवीत, ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ साली ते रायतूरला छापलं गेलं. येशूची गोष्ट लोकांच्या कानाला ओळखीच्या चालीत ऐकू यावी म्हणून एवढा खटाटोप केला त्यांनी.

मी सांगते आहे ती पद्धत याच येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांची. ते सैनिक होते. १५२१ साली स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत पाय मोडला, अंथरुणावर पडून राहावं लागलं, तिथून सगळं सुरू झालं. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. ते वाचायचं पुस्तक नाही, करायचं आहे, अगदी पाककृतीसारखं. आणि त्यात पहिल्याच पानांवर एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: पुष्कळ माहितीने जिवाचं समाधान होत नाही, आतून जाणवण्याने आणि चाखण्याने होतं. म्हणूनच ते सांगतात की जिथे हवं ते मिळालं तिथेच थांब, उतारा पुरा करायची घाई करू नकोस. एका शब्दावर अख्खी वीस मिनिटं गेली तरी चालतील.

यासाठीच मला ते ‘रोज नवा उतारा, रोज नवा विचार’ प्रकरण आगमनकाळात आवडत नाही. तू पाच-सहाच उतारे घे. एक उतारा तीन दिवस; आठवडाभर तोच असेल तर हेच तीन दिवस पुन्हा. पहिल्या दिवशी पूर्ण उतारा. दुसऱ्या दिवशी फक्त तेवढीच जागा, जिथे काल मन अडकलं होतं. गोड वाटून अडकलं असेल किंवा टोचून, दोन्ही चालतं. तिसऱ्या दिवशी फक्त इंद्रियं: काय दिसतं, काय ऐकू येतं, वास कसला, चव कसली, हाताला काय लागतं. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आणि त्या दिवसाचं शुभवर्तमान, तेवढं पुरे.

आता बसायचं कसं ते. रात्री झोपण्याआधी उताऱ्यावरून एकदा नजर फिरव. दिवा मालवल्यावर एक ‘नमो मरिया’ म्हणायला लागतो तेवढा वेळ, उद्या किती वाजता उठायचं आणि कशासाठी, एवढंच मनात आण. सकाळी चहा चालेल, नाश्ता नंतर. पोट भरलं की झोप आली. पलंगावर बसू नकोस, खुर्ची घे, पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले. मोबाइलवर वेळ लावायची असेल तर लाव, पण तो पालथा ठेव आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला. खोलीत दुसरा मुलगा झोपलेला असतो ना, मग गॅलरीत बस.

खुर्चीत बसायच्या आधी एक-दोन पावलं अलीकडे उभा राहा. एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ होईल एवढा वेळ. त्या वेळात देव माझ्याकडे कसा बघतो आहे एवढंच मनात ठेवायचं. मग मान लववून बसायचं. पुष्कळ जण हे गाळतात, आणि पहिली सात-आठ मिनिटं मनात ऑफिसच चालू राहतं.

बसल्यावर जागा डोळ्यांसमोर आण. मग काय हवं ते माग. इग्नाशियस इथे नेमकं मागायला लावतात: माझ्यासाठी माणूस झालेल्या प्रभूला आतून ओळखू दे, म्हणजे मी त्याच्यावर अधिक प्रेम करीन आणि त्याच्या मागे जाईन. त्यानंतर माणसं बघायची, काय बोलतात ते ऐकायचं, काय करतात ते बघायचं. शेवटी दोन-तीन मिनिटं मित्राशी बोलावं तसं येशूशी किंवा मरियेशी बोलायचं. आणि उठल्यावर जागा बदलून पाच मिनिटं वहीत चार ओळी: कुठे मन लागलं, कुठे कोरडं गेलं. या वहीशिवाय दुसऱ्या दिवशी परत कुठे जायचं हे कळत नाही. म्हणून वही हवीच.

पहिल्या आठवड्यात उतारा नको, एक दृश्य घे. इग्नाशियस म्हणतात, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा सगळ्या पृथ्वीकडे बघताहेत असं पाहा: कोणी गोरे, कोणी काळे, कोणी शांततेत, कोणी युद्धात, कोणी रडताहेत, कोणी हसताहेत, कोणी धडधाकट, कोणी आजारी, कोणी जन्माला येताहेत, कोणी मरताहेत. आणि हे बघून देव ठरवतो की आपण माणूस व्हायचं. हे तू तुझ्या गॅलरीत उभं राहून कर. खालच्या बसस्टॉपवर सकाळी सातला कोण उभं असतं? डबा सांभाळत धावणारी बाई, रात्रपाळी संपवून उभ्या-उभ्या पेंगणारा वॉचमन, गणवेशातली पोरं. पाच मिनिटं नुसतं बघ. मग खुर्चीत बस आणि हीच माणसं देव बघतो आहे असं बघ. मत बनवायचं नाही, कोणाला सुधारायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात देवदूताचा निरोप, तो तेरा ओव्यांचा उतारा. सगळे मरियेच्या होकारावर थांबतात. तू तिच्या प्रश्नावरही थांब: ‘हे कसे होईल?’ ती विचारते, आणि देवदूत रागावत नाही. मग उताऱ्याची शेवटची अर्धी ओळ बघ, देवदूत तिच्यापासून निघून जातो. त्यानंतर खोलीत कोणी नाही. तीच भिंत, तेच मडकं, दुपार तशीच. आता हे कोणाला सांगायचं? योसेफाला काय सांगायचं? त्या खोलीत तिच्याजवळ बसून राहा. बोलावंसं वाटलं तर बोल, नाही तर गप्प बस.

तिसऱ्या आठवड्यात योसेफ, मत्तय १:१८–२५. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक शब्द नाही. तेव्हा इथे कान उपयोगाचे नाहीत, हात बघ. झोपेतून उठल्यावर तो पहिल्यांदा काय उचलतो?

१७ डिसेंबरपासून आगमनकाळाचा सूर बदलतो. तोवर प्रभूच्या पुनरागमनावर भर असतो, इथून पुढे जन्माच्या तयारीवर. १७ ते २३ या सात संध्याकाळी चर्चच्या सायंप्रार्थनेत मरियेच्या गीताआधी सात हाका म्हणतात: हे प्रज्ञे, हे प्रभो, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या प्रकाशा, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएला. लॅटिनमधली त्यांची आद्याक्षरं शेवटाकडून जोडली की ‘एरो क्रास’ होतं, म्हणजे ‘उद्या मी असेन’. संध्याकाळी ऑफिसमधून परतताना बसमध्ये त्या दिवसाची एकच हाक घे, श्वासाबरोबर. त्या दिवसांत सकाळी नाझरेथ ते बेथलेहेमचा रस्ता घे. दीडशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता किती लांब, किती रुंद, सपाट की दऱ्याखोऱ्यांतून, हे बघायला इग्नाशियस सांगतात. ते स्वतः मरियेला गाढवावर बसवतात, सोबत एक दासी आणि एक बैल देतात. लूकच्या मजकुरात यातलं काहीच नाही. गोठ्यातले बैल आणि गाढव जुन्या करारातल्या यशया १:३ वरून आले, आणि १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चोला संत फ्रान्सिसने ते खरोखर उभे केले. म्हणजे आपल्याला कल्पना करायची मुभा आहे, पण ती गोष्टीची सेवा करायला.

इथेच बऱ्याच जणांचं बिनसतं. कल्पना मोकाट सुटते आणि मनात सिनेमा सुरू होतो: उंट, बाजार, कपड्यांचे रंग. दहा मिनिटांनी कळतं की आपण दिग्दर्शन करत बसलोय. तसं झालं की उताऱ्यातलं एकच वाक्य घेऊन परत ये. याच्या उलट काही जणांना डोळ्यांसमोर काहीच दिसत नाही, आणि त्यांना वाटतं आपल्याला हे जमणार नाही. चित्र दिसलंच पाहिजे असं नाही. अंधारात शेजारी कोणी बसलंय हे कळतं ना, तेवढं कळणं पुरतं. तिसरी चूक आपल्या लोकांची जुनी: लगेच बोध काढायचा. ‘मरिया नम्र होती, मीही नम्र व्हायला हवं.’ झालं, ध्यान संपलं आणि प्रवचन सुरू झालं.

दुसरे विचार येणारच. त्यांच्याशी भांडू नकोस. पण एकच विचार तीनदा आला, तर तो शेवटच्या बोलण्यात येशूपुढे मांड. त्याला कदाचित तिथेच यायचं असेल.

आणि कोरडे दिवस येतील. चौदा-पंधरा डिसेंबरच्या सुमारास बहुतेक येतात, तेव्हा थकवाही असतो. अशा दिवशी वेळ कापायची नाही. वीस मिनिटं ठरली असतील तर एकवीस बसायचं, हे इग्नाशियस यांचंच सांगणं. आणि त्या दिवशी पद्धत बदलायचा, सोडून द्यायचा, कसलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. पण उदासी प्रार्थनेपुरती राहिली नाही, झोप उडाली, जेवण जाईनासं झालं, तर ती कोरड नव्हे. तेव्हा मला फोन कर, आणि डॉक्टरकडे जा. ध्यानातलं काही उलगडत नसेल तर तिथल्या चर्चमधल्या फादरना किंवा एखाद्या सिस्टरना विचार. एकट्याने पुढे रेटू नकोस.

२४ च्या रात्री फार अपेक्षा ठेवू नकोस. गर्दी, गाणी, प्रवास. मिस्साच्या आधी दहा मिनिटं लवकर जा आणि चर्चमध्ये मांडलेल्या येशूजन्माच्या गोठ्यासमोर बस. लूकने जन्म एका ओवीत सांगितला आहे, २:७. इग्नाशियस म्हणतात की आपण तिथे एक छोटा गरीब नोकर व्हायचं, त्यांच्याकडे बघायचं आणि लागेल ते करायचं. पाणी आण, चारा बाजूला कर, दिवा धर.

आणि बाळा, २६ ला थांबू नकोस. सगळे तिथेच थांबतात, तारा उतरवतात. नाताळचा काळ तर २५ ला सुरू होतो आणि यंदा १० जानेवारीपर्यंत, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. माझ्या मते खरी चाखायची वेळ हीच. मेंढपाळ घे. २८ तारखेला हेरोद राजाने मारलेल्या मुलांचा दिवस आहे, तो उतारा चुकवू नकोस. त्या दिवशी शेवटचं बोलणं रडणाऱ्या आयांसाठी कर. ३ जानेवारीला तीन राजांचा सण. आणि शेवटच्या आठवड्यात शिमोन, लूक २:२२–३५. म्हातारा बाळाला हातात घेतो. सहा आठवडे नुसतं बघितलंस, आता तूही हात पुढे कर. मरिया बाळ तुझ्या हातात देते आहे. वजन किती? मान कुठे धरायची? अंगावरून दुधाचा वास येतो का? त्या दिवशी काही मागू नकोस, काही बोलू नकोस.

घरच्या नाताळच्या गोठ्यासाठी १२ डिसेंबरला नाचणी पेरणार आहे, तू येईपर्यंत बोटभर वाढेल. वही मी पार्सलमधून पाठवते आहे, दोनशे पानी, बिनरेघी. रविवारी फोन करशील तेव्हा ध्यान कसं झालं असं मी विचारणार नाही. त्या बसस्टॉपवर कोण कोण दिसलं, ते मात्र सांग.

तुझी,
आई