घाटात चेन तुटली तर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फर्दापूर सोडल्यावर अजिंठ्याच्या घाटात चेन तुटली आणि पिकअपमध्ये सायकल टाकून तू जळगावला परतलीस, हे आईकडून कळलं. गाडी थांबवलीस ते बरंच केलंस. पण तुटलेली चेन जोडायचं काम रस्त्याच्या कडेला दहा-पंधरा मिनिटांत होतं, ते शिकून घे.

फोटोत चेनची बाहेरची पट्टी पिनेवरून निघून वाकलेली दिसते. चढावर जोर लावत असतानाच गिअर टाकला की हे होतं. एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर जाताना चेन तिरपी होते, आणि नेमका तेव्हाच पायाचा सगळा जोर आला की पट्टी पिनेवरून सरकते. म्हणून घाट लागण्याआधी सपाटीवरच हलका गिअर टाकायचा. मध्येच बदलावा लागला तर अर्धा फेरा पाय सैल सोडून मग बदल.

सोबत चेन टूल, म्हणजे चेनच्या पिना ढकलून काढायचं हत्यार, आणि दोन क्विक लिंक, म्हणजे हाताने जोडता येणाऱ्या दोन भागांच्या कड्या, ठेव. लिंक तुझ्या चेनच्या मापाचीच हवी. मागे ९ चक्रं असतील तर ९ चीच. ८ ची सैल बसते, १० ची नीट लागतच नाही. गावातल्या दुकानात मिळेल ते साध्या सायकलीचं चेन लॉक. ती चेन आतून १/८ इंच रुंद, गिअरची त्याहून अरुंद. ते लॉक गिअरमध्ये अडकतं, घेऊ नकोस.

चेन तुटली की आधी वळणावरून बाजूला हो. केळीचे ट्रक तुझ्यासाठी थांबणार नाहीत. मग दोन्ही टोकं बघ. चेनमध्ये एक अरुंद कडी, एक रुंद कडी अशी रांग असते. क्विक लिंक म्हणजे रुंद कडीच, त्यामुळे दोन्ही टोकांना अरुंद कडी यायला हवी. फक्त रुंद कडी खराब असेल तर तिच्या पिना टूलने पाडून टाक, लांबी बदलत नाही. शेजारची अरुंदही वाकली असेल तर तिच्यापुढची आणखी एक रुंद कडी काढावी लागते आणि चेन १ इंचाने आखूड होते. मग घरी येईपर्यंत पुढचं सगळ्यात मोठं आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र एकत्र लावायचं नाही. डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग, ताणून तुटेल, आणि तो खर्च चेनच्या कितीतरी पट.

चेन डिरेलरच्या दोन छोट्या चाकांतून ओवताना ती चाकं धरणाऱ्या पिंजऱ्यातल्या आडव्या पट्टीकडे लक्ष दे. चेन तिच्या चुकीच्या बाजूने गेली तर सगळं जोडून झाल्यावर खरखर ऐकू येते आणि पुन्हा उघडावं लागतं. बहुतेक जण इथेच फसतात. जोडताना चेन पुढच्या चक्रावरून खाली उतरवून ठेव, म्हणजे ताण राहत नाही. लिंकचे दोन्ही भाग एकमेकांत घाल, चेन चक्रावर चढव, पेडल फिरवून लिंक वरच्या बाजूला आण, मागचा ब्रेक दाब आणि पेडलवर जोर दे. कट् आवाज आला की बसली.

एक तपासणी मात्र घरीच कर. पोलादी पट्टी चेनवर धरून एका पिनेच्या मध्यापासून, ती पिन सोडून, पुढच्या २४ व्या पिनेच्या मध्यापर्यंत मोज. नव्या चेनमध्ये हे अंतर बरोबर १२ इंच असतं. १२ १/१६ झालं असेल तर चेन बदलायची. १२ १/८ पर्यंत गेलं असेल तर मागची चक्रंही झिजली समज, नवी चेन त्यांच्यावर उड्या मारेल.

आपल्याकडची काळी माती तेलात मिसळली की चेन घासून खाते, म्हणून इंजिन ऑइल अजिबात नको. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पूस, वाळू दे, प्रत्येक रोलरवर, म्हणजे पिनेभोवती फिरणाऱ्या नळीवर, सायकलचं तेल एकेक थेंब टाक आणि वरचं कोरड्या फडक्याने टिपून घे. हे आदल्या रात्री; पहाटे निघताना टाकलेलं तेल आत मुरायच्या आधी धूळच पकडतं.

माप घेऊन कळव आणि मागची चक्रं किती तेही सांग. पुढच्या आठवड्यात धुळ्याहून येताना लिंका घेऊन येईन.

तुझे,
आबा