रेंजचा आकडा आणि रात्रीचा सॉकेट

महोदय,

विद्युत मोटारींच्या चर्चेत ‘एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर?’ हा प्रश्न जितका गाजतो, तितका ‘गाडी रात्री कुठे उभी राहते?’ हा गाजत नाही. रोज गाडी चालवणाऱ्याचे गणित मात्र या दुसऱ्याच प्रश्नावर अवलंबून असते. मध्यम आकाराची विद्युत मोटार १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट वीज घेते. घरातील १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला सुमारे ३ युनिट मिळतात, म्हणजे चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज वजा जाता रात्रीच्या आठ तासांत सव्वाशे ते दीडशे किलोमीटरची बेगमी होते. रोजच्या ये-जा करण्याला ती पुरून उरते.

ज्याची गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, त्याला मात्र जलद चार्जिंग केंद्रावर विसंबावे लागते. तेथील वीज बहुधा घरच्यापेक्षा महाग पडते. शिवाय ८० टक्क्यांनंतर बॅटरीच्या सुरक्षेसाठी चार्जिंगचा वेग कमी केला जात असल्याने उरलेल्या २० टक्क्यांसाठी ताटकळावे लागते. (मागच्या चालकाची नजर चुकवत बसून राहणे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.) अशा ग्राहकाची, त्यातही गाडी क्वचितच बाहेर काढणाऱ्याची, खरेदीच्या वेळी मोजलेली जास्तीची किंमत इंधनाच्या बचतीतून वसूल होणे कठीणच.

जाहिरातीतील रेंज ही प्रमाणित चाचणीतील असते. ताशी १०० किलोमीटर वेगाला हवेचा विरोध ताशी ५० च्या चौपट होतो आणि रेंज घटते. त्यामुळे महामार्गावरील रेंजही कंपन्यांनी त्याच ठळक अक्षरांत छापावी.

— एक वाचक