विटाच बघायच्या होत्या तर…

प्रिय दिन्या,

लंडनहून पाठवलेल्या फोटोवर तुझं उत्तर आलं, ‘लेका, विटाच बघायच्या होत्या तर आमच्या भट्टीवर यायचंस!’ फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

त्या विटा कार्ल आंद्रे या अमेरिकी शिल्पकाराच्या. १२० विटा, दोन थर, ना चुना ना सिमेंट. १९६६ साली न्यूयॉर्कला त्याने अशी आठ शिल्पं मांडली. विटा प्रत्येकात तेवढ्याच, रचना निराळी. विकली गेली नाहीत, तेव्हा गड्याने विटा परत करून पैसे घेतले! १९७२ मध्ये लंडनच्या टेट गॅलरीला, म्हणजे इथल्या कलासंग्रहालयाला, त्यातलं एक हवं झालं, तोवर विटांचा तो कारखानाच बंद पडलेला. मग फायरब्रिक, म्हणजे आच सोसणाऱ्या विटा, आणून त्याने ते पुन्हा रचलं. १९७६ मध्ये इंग्रजी पेपरांनी बोंब ठोकली, सरकारी पैसा विटांवर उधळला म्हणून. कुणीतरी त्या विटांवर निळा रंगही ओतला.

मायकेल फ्रीड या समीक्षकाने १९६७ मध्येच असल्या कामांना झोडपलं होतं. या वस्तू प्रेक्षकाची वाट बघत बसतात, ही कला नव्हे, नाटक आहे, असं त्याचं म्हणणं. मला ते अगदी पटलं, फक्त तक्रार म्हणून नाही. मी दोन फेऱ्या मारल्या. विटांत बघण्यासारखं काही सापडेना, तेव्हा फरशी दिसायला लागली, माझे बूट, बाबागाडी जपून वळवणारी एक बाई.

आणि विठोबा. हसू नकोस. वीट म्हटली की आपली नजर वर जाते, कमरेवरच्या हातांकडे. तिथे वर कुणीच नव्हतं. नुसती वीट.

शिल्प पाण्यासारखं सपाट असावं, हे आंद्रेला म्हणे तळ्यात होडी वल्हवताना सुचलं. त्याआधी चारेक वर्षं तो रेल्वेत मालगाड्यांवर ब्रेक्समन होता, डबे जोडायचे-सोडवायचे हे काम. सारखे तुकडे एकाला एक लावायचे पण चिकटवायचे नाहीत, ही खोड मालगाड्यांमुळेच लागली असावी, असा माझा आपला तर्क.

आवडलं का म्हणशील, तर नाही. तिथेच रॉथको या चित्रकाराच्या काळपट तांबड्या चित्रांपुढे मी अर्धा तास बसलो, इथे दहा मिनिटं.

अप्पा भट्टी लावताना विटांमध्ये बोटभर फट सोडायचे, आच फिरावी म्हणून. आंद्रेने फट ठेवलेली नाही. दिवाळीत येतोय. भट्टीवर १२० विटा मोजून ठेव, फुटक्या चालणार नाहीत.

तुझा,
मन्या