गाळ काढा, पण बोडीचा काठ राहू द्या

महोदय,

आमच्या गावच्या बोडीत, म्हणजे लहान तलावात, मी आठव्या वर्षापासून गरी टाकतो. आता पासष्टी उलटली. बांबूची काठी, मोरपिसाच्या देठाचा तरंगा, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. एवढ्यावर संध्याकाळच्या रश्श्याची सोय व्हायची.

मागच्या उन्हाळ्यात बोडीतला गाळ निघाला. तो निघायलाच हवा होता. माझ्याही बांधीत चार ट्रॉल्या पडल्या, धान चांगलं आलं. दुःख काठाचं आहे. पोकलेननं उथळ, गवताळ काठ उभाच्या उभा कापला. देवधान, म्हणजे आपोआप उगवणारं रानधान, गेलं, कमळाचे कंद गेले. यंदाच्या पावसाळ्यात रोज पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, जाऊन बसलो, पण मरळीच्या पिल्लांचा एकही थवा दिसला नाही.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांना सांगतो. मरळ काठच्या उथळ पाण्यात गवत बाजूला सारून जागा करते. अंडी तरंगती असतात, नर-मादी त्यांची राखण करतात. मग शेंदरी पिल्लांचा थवा फिरू लागतो. श्वास घ्यायला सगळी एकदम वर आली, की तेवढ्याच जागी पावसाची सर पडल्यासारखं पाणी थरथरतं. खाली आईबाप असतात. थवा दिसला की त्या बाजूला गरी टाकायची नाही, असं माझे वडील बजावत. राखणीतली मरळ चवताळून कशावरही तोंड टाकते, धरायला सोपी. पण मागे पिल्लं उघडी पडतात. गावातले मासेमारी करणारे जुने ढिवरही हा नेम पाळत.

बोललं की उत्तर येतं, रोहू-कटल्याची बोटुकली (लहान पिल्लं) सोडली आहे ना! सोडावी, मच्छीमार सोसायटीला तिचा आधार आहे. पण रोहू, कटला, मृगळ साचल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून त्यांचं बीज पुन्हा पुन्हा विकत आणावं लागतं. मरळ, शिंगी इथेच वाढतात, वरची हवा घेतात, त्यामुळे वैशाखात उरलेल्या चिखलपाण्यातही तग धरतात. त्यांना फक्त काठ हवा.

कोहळी लोकांनी खपून बांधलेले असे हजारो तलाव-बोड्या पूर्व विदर्भात आहेत. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि ते माजी मालगुजारी, म्हणजेच 'मामा तलाव' झाले. बांधणाऱ्यांनी एका बाजूला पाळ घातली, बाकी जमिनीचा उतार तसाच ठेवला. खोदाई मधोमध करावी, पाणी येतं त्या बाजूचा उतार तरी सोडावा. बेशरमाची झुडपं मुळासकट उपटा, देवधानाला हात लावू नका. कामाच्या अंदाजपत्रकात हे लिहिलेलं असावं आणि यंत्र उतरण्याआधी गावच्या ढिवरांना सोबत घेऊन काठ फिरावा, एवढीच मागणी आहे.

शेजारच्या गावच्या बोडीचं काम येत्या उन्हाळ्यात निघणार आहे. श्रावणात तिथे जाऊन आलो. पाळीवरून दोन थवे मोजले.

एक निवृत्त शिक्षक,
ता. साकोली, जि. भंडारा