एकोणीस दिवस का लागले, ते सांगते बाबा

राउंड रॉक, टेक्सस
२५ मार्च २०१८

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की एवढे कॅमेरे, एफबीआय, हेलिकॉप्टरं सगळं असून ऑस्टिनमध्ये बॉम्ब ठेवत फिरणाऱ्या एका पोराला पकडायला एकोणीस दिवस का लागले, आणि मी नुसतं "सावकाश लिहिते" एवढंच म्हणाले, कारण ओवी मांडीवर बसली होती आणि तिच्यासमोर बॉम्ब हा शब्दसुद्धा काढायचा नव्हता. आता ती झोपलीय, निखिल भांडी लावतोय, म्हणून लिहायला बसले. आई, तू अक्षर मोठं करून वाच.

मला विचाराल तर शोध खरा सुरू झाला १२ मार्चला, आणि तिथून नऊ दिवसांत पोलिस त्याच्यापर्यंत पोचले. वाया गेले ते त्याच्या आधीचे दहा दिवस.

पहिला स्फोट २ मार्चचा, शुक्रवारी सकाळी. शहराच्या ईशान्येला हॅरिस रिज म्हणून वस्ती आहे, साधी नोकरदारांची घरं. तिथल्या एका ३९ वर्षांच्या माणसाच्या दारात खोका ठेवलेला होता, त्याने उचलला आणि तो गेला. त्याला आठ वर्षांची मुलगी आहे. आणि पोलिस काय म्हणाले, तर हा सुटा प्रकार दिसतोय, लोकांना धोका नाही. कुणीतरी ड्रग्जच्या भांडणात चुकीच्या घरी खोका ठेवला असेल असा एक अंदाज होता, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यानेच बॉम्ब बनवला असेल आणि हातात फुटला असेल ही शक्यतासुद्धा त्यांनी उघडपणे बोलून दाखवली. तो माणूस काळा होता. मी त्या दिवशी बातमी वाचली होती, दोन ओळींची, आणि ऑफिसात कुणी विषयही काढला नाही. साउथ बाय साउथवेस्ट तोंडावर आलं होतं ना, म्हणजे इथला तो मोठा संगीत आणि सिनेमाचा महोत्सव, त्यामुळे सगळं गाव त्याच तयारीत.

मग १२ तारखेला सोमवारी सकाळी पावणेसातच्या सुमाराला दुसरा. सतरा वर्षांचा मुलगा, तोही काळा, दारातला खोका घरात घेऊन आला. तो गेला, त्याची आई जखमी झाली. हा मुलगा डबल बास वाजवायचा, माणसाच्या उंचीचं ते वाद्य असतं ना ते, इथल्या युवा ऑर्केस्ट्रात होता, आणि ओबर्लिनसारख्या नावाजलेल्या संगीत विद्यालयात त्याला प्रवेश मिळाला होता. पोलिस अजून त्या घरी आहेत तोवर दुपारच्या आत तिसरा फुटला, पंचाहत्तर वर्षांच्या एका बाई जबर जखमी झाल्या. तेव्हा कुठे पोलिसांनी तिन्ही स्फोट एकत्र जोडले आणि सगळ्या शहराला सांगितलं की अनोळखी पार्सल उचलू नका, नाइन वन वनला, म्हणजे इथल्या तातडीच्या नंबराला, फोन करा.

बाबा, हीच सूचना २ तारखेला दिली असती तर? मला हा विचार डोक्यातून काढताच येत नाहीये. पोलिसांनी मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही, एका स्फोटावरून पुढचं कळायला कुणी ज्योतिषी नसतो, हे मलाही कळतं. पण मेलेल्या माणसावरच संशय घेणं इतकं सोपं का गेलं? हाच खोका पश्चिमेकडच्या टेकड्यांवरच्या एखाद्या बंगल्यापुढे फुटला असता तर "लोकांना धोका नाही" असं म्हणाले असते का? पूर्व ऑस्टिनमधले लोक हेच विचारतायत. वर पहिल्या माणसाचे सावत्र वडील आणि त्या मुलाचे आजोबा एकमेकांचे जुने स्नेही निघाले, एकाच चर्चमधले, त्यामुळे द्वेषातून कुणी वेचून मारतंय का अशी धास्ती तिथे बसली.

तारीख तुमच्याही लक्षात आली असेल. १२ मार्च. मुंबईतल्या त्या स्फोटांना बरोबर पंचवीस वर्षं झाली. मी तेव्हा तिसरीत होते, तरी तो शुक्रवार मला लख्ख आठवतो, शेअर बाजारातला स्फोट झाल्यावर तुम्ही बँकेतून चालत निघालात आणि आई गॅलरीत उभी, आणि मग प्लाझाचा आवाज. दोनशे सत्तावन्न माणसं गेली. आणि दोन दिवसांनी आपल्या नायगावात ती स्कूटर सापडली, न फुटलेली, तेव्हा शाळेच्या रस्त्यावरून जाताना प्रत्येक उभी स्कूटर बघून आई माझा हात घट्ट धरायची. तुम्हीच नंतर कितीदा सांगितलंय की वरळीला सोडून दिलेली ती मारुती व्हॅन सापडली आणि तिच्यावरून धागा थेट माहीमच्या मेमनांच्या घरापर्यंत गेला. इथेही थोडंफार तसंच झालं, जे फुटलं नाही आणि जे मागे राहिलं त्याने त्याला पकडून दिलं. ते पुढे सांगते.

आई, तू त्याच आठवड्यात विचारत होतीस पार्सल मिळालं का. मिळालं. तू पाठवलेली भाजणी, मेतकूट, ओवीचं परकर-पोलकं सगळं नीट पोचलं. पण त्या दिवशी तो खोका दारात बघून आम्ही दोघं आतच उभे राहिलो. निखिलने नंबर टाकून बघितलं, डिलिव्हरी झाली असं दाखवत होतं, तुझं अक्षर खिडकीतून ओळखू येत होतं, तरी हात लावायला वेळ लागला. कारण त्या तिन्ही खोक्यांचं वैशिष्ट्य हे की ते पोस्टाने किंवा कुरियरने आलेच नव्हते, कुणीतरी रात्रीत येऊन हाताने ठेवून गेला होता. इथे रोज प्रत्येकाच्या दारात काही ना काही येऊन पडतं, डायपर, औषधं, पुस्तकं, आणि अचानक त्या सगळ्याचीच भीती. पोलिसांना शेकडो फोन गेले, आणि प्रत्येक फोनला त्यांनी माणूस पाठवला, हे मात्र मान्य करायलाच हवं.

पाडव्याच्या दिवशी, म्हणजे १८ तारखेला, दुपारी पोलिसप्रमुख ब्रायन मॅनली टीव्हीवर आले आणि बॉम्ब ठेवणाऱ्यालाच उद्देशून बोलले की तुला काय सांगायचंय ते सांग, आमच्याशी संपर्क कर. बक्षिसाची रक्कम वाढवून एक लाख पंधरा हजार डॉलर केली. आणि त्याच रात्री साडेआठच्या आसपास, तुमच्याकडे सोमवारचे सकाळचे सात, चौथा फुटला, आणि ह्या वेळी खोका नव्हता, तार होती. नैऋत्येला ट्रॅव्हिस कंट्री म्हणून भाग आहे, तिथे फुटपाथच्या कडेला मासे पकडायच्या दोरीसारखी बारीक तार लावून ठेवलेली, बावीस-तेवीस वर्षांचे दोन तरुण चालत जाताना अडकले आणि जखमी झाले. ती तार लहान मुलं खेळतायत, सावकाश चला अशा अर्थाच्या पाटीला बांधलेली होती. मुलांच्या पाटीला, आई. आम्ही एका ओळखीच्या घरी गुढीला जाऊन, श्रीखंड-पुरी खाऊन नुकतेच परतलो होतो आणि फोनवर मेसेजेसचा पाऊस. आतापर्यंत निदान खोका न उचलणं आपल्या हातात होतं. तारेचं काय करणार? दुसऱ्या दिवशी त्या भागातल्या लोकांना घराबाहेर पडू नका सांगितलं, शाळेच्या बसेस तिकडे गेल्या नाहीत, आणि आम्ही इकडे उत्तरेला असूनसुद्धा ओवीला अंगणात सोडलं नाही.

तर बाबा, तुमचा खरा प्रश्न, पकडला कसा. तार लावल्यानंतर त्याने पद्धत पुन्हा बदलली आणि फेडेक्सच्या दुकानात जाऊन दोन पार्सलं पाठवली. २० तारखेला मध्यरात्रीनंतर त्यातलं एक सॅन अँटोनिओजवळ शर्ट्झ गावच्या फेडेक्सच्या केंद्रात पट्ट्यावरच फुटलं. दुसरं ऑस्टिनच्या विमानतळाजवळच्या केंद्रात सापडलं, न फुटलेलं. म्हणजे पोलिसांच्या हातात पहिल्यांदाच अख्खा बॉम्ब आला. आणि कुरियरचं पार्सल म्हटलं की कुठल्या दुकानातून, किती वाजता, हे सगळं नोंदलेलं असतं, त्यावरून दुकानाच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचले, तर डोक्यावर विग आणि हातात हातमोजे घातलेला माणूस. इतके दिवस तो अंधारात ठेवून जायचा, आता काउंटरवर उभा राहून पैसे देत होता. त्याआधीपासून तुकडे जुळवून बॉम्बमध्ये काय काय माल वापरलाय ते शोधणं, तो कुठल्या दुकानात विकला गेला त्याच्या पावत्या बघणं, स्फोटांच्या जागी कुठले मोबाइल होते ते तपासणं हे चाललंच होतं. इथल्याच राउंड रॉकच्या होम डेपोत त्याने सामान घेतलं होतं, आम्ही बागेची माती आणतो तेच दुकान. लाल गाडीचा पत्ता लागला, मग नाव. फ्लुगरव्हिलचा, आमच्या पलीकडच्या गावातला तेवीस वर्षांचा मुलगा, आधी कधी पोलिसांच्या नजरेत न आलेला.

२० तारखेच्या रात्री त्याचा फोन सुरू झाला आणि माग लागला तो इथल्याच एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये. पोलिस लांबून नजर ठेवून होते, स्वाट टीमची, म्हणजे पोलिसांच्या खास सशस्त्र तुकडीची, वाट बघत, कारण गाडीत बॉम्ब असणार हे उघड होतं. पण टीम पूर्ण यायच्या आत त्याने गाडी काढली. मोकळ्या रस्त्यावर पुढे जाऊ द्यायचा की थांबवायचा? थांबवला. आय-थर्टीफाइव्ह महामार्गाच्या बाजूच्या रस्त्यावर गाडी कडेच्या चरात गेली, जवान जवळ जात होते तेवढ्यात त्याने गाडीतच स्फोट केला आणि स्वतः गेला. एक पोलिस थोडक्यात बचावला. पहाटेची वेळ, आमची झोप हेलिकॉप्टरच्या आवाजाने मोडली होती. तो रस्ता माझा रोजचा ऑफिसचा रस्ता आहे. सकाळी तो बंद, आणि मॅनली सांगतायत की गेल्या चोवीस तासांत तो कुठे होता माहीत नाही, अजून कुठे काही ठेवलं असेल, म्हणून जपून राहा. म्हणजे माणूस मेला तरी भीती संपेना.

त्याच्या फोनमध्ये पंचवीस मिनिटांचा कबुलीचा व्हिडिओ सापडला. त्याबद्दल मॅनली म्हणाले की आयुष्यातल्या अडचणींनी गांजलेल्या तरुणाचा तो आक्रोश आहे. मी ते ऐकलं आणि मला फार राग आला. ज्याने दोन माणसं मारली, एक अख्खं शहर दाराबाहेर पाय टाकायला घाबरवलं, तो गांजलेला, आणि जो आपल्या दारात मेला त्याने बॉम्ब बनवला असेल. त्या आठ वर्षांच्या मुलीने मोठी झाल्यावर हे दोन्ही वाचायचं? शेवटच्या रात्री त्या गाडीसमोर जी पोरं गेली त्यांच्या धाडसाला मी हात जोडते, पण पहिल्या घराची त्या मुलीसमोर माफी मागायला हवी, जाहीर, आणि हे मी इथल्या लोकांसमोरही बोलणार आहे.

आई, परत या म्हणतेस. ९३ नंतर तुम्ही दादर सोडलं नाहीत, तेव्हा मामा पुण्याला बोलावत होता तरी. आमची घरं, ओवीची शाळा, मैत्रिणी सगळं इथे आहे, तेव्हा आत्ता तरी आम्ही इथेच. दाराला कॅमेरा लावलाय, शेजाऱ्यांचे नंबर घेतलेत, त्या निमित्ताने समोरच्या घरातल्या आजींशी पहिल्यांदा नीट बोलणं झालं. तुमची मेची तिकिटं रद्द करू नका.

आणि बाबा, फॅमिली ग्रुपवर तो जो "ऑस्टिन बॉम्बरचा कबुलीचा व्हिडिओ" फिरतोय तो डिलीट करा आणि काकांनाही करायला सांगा. पोलिसांनी खरा व्हिडिओ दिलेलाच नाहीये, त्यामुळे तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

तुमची,
रेवा