पांढऱ्या रश्शाची दुसरी वाटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला हॉटेल व्यवसायावरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना चहा सांडला. गिऱ्हाईक पहिल्यासारखं राहिलं नाही, बारीकसारीक गोष्टीवरून हुज्जत घालतं, ताटाचे फोटो काढतं, असं लेखकमहाशयांचं दुखणं आहे. त्यांचं बरोबर आहे. ते गिऱ्हाईक म्हणजे मीच. फोटो तेवढा मी काढला नाही, तो जावयांनी काढला.

गेल्या आठवड्यात आमचे व्याही आणि विहीणबाई नागपूरहून आले. लग्नानंतर पहिल्यांदाच, महाराष्ट्र एक्स्प्रेसने एवढा लांबचा प्रवास करून, हाडं खिळखिळी करून घेऊन. शनिवारी अंबाबाईचं दर्शन झालं, संध्याकाळी रंकाळा झाला. रविवारी मटणाचा बेत मी घरीच करणार होते. पण लेक म्हणाली, "तू चार तास ओट्याशी उभी राहणार आणि आम्ही नुसतं बघत बसणार, ते नको." जावयांना मोबाईलवर एक हॉटेल सापडलं होतं. त्या हॉटेलचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला छापायला अडचण नको आणि मालकांना फुकटची जाहिरातही नको.

बाहेर मोठा फलक होता, 'अनलिमिटेड तांबडा-पांढरा'. शेजारी फेटेवाला पैलवान मिशीला पीळ देत उभा. (आमच्या पेठेतल्या तालमीतला एकही पैलवान मी फेटा बांधून जेवताना पाहिला नाही, पण असो.) वहीत नाव लिहून पाऊण तास बाकड्यावर बसलो. त्याबद्दल तक्रार नाही. रविवार होता, गर्दी असणारच.

आत बसल्यावर पहिला प्रश्न, "बाटली देऊ का?" मी म्हटलं, साधं पाणी आण. "साधं न्हाई काकू." काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनसाठी या गावाने आंदोलनं केली, किती वर्षं वाट बघितली, शेवटी २०२३ च्या दिवाळीत ते पाणी आलं. आमच्या नळाला येतं ते त्या हॉटेलच्या नळाला येत नसेल का? तीन बाटल्या घेतल्या. तीस रुपयाला एक.

विहीणबाई माळकरी आहेत. त्यांच्यासाठी अख्खा मसूरची थाळी, बाकी आम्हा पाच जणांना मटण थाळी. ताटं आली. भाकरी नव्हती. दुपारी दीड वाजता, रविवारी, कोल्हापुरात, मटणाच्या हॉटेलात भाकरी संपली होती! "तंदुरी देतो की." तंदुरी आली. ती तोडायला व्याह्यांना दोन्ही हात लावावे लागले, बिचारे "छान आहे, छान आहे" म्हणत तोडत होते.

आता पांढऱ्या रश्शाबद्दल, कारण हे पत्र त्याच्यासाठीच आहे. मटण शिजवलेलं अळणी पाणी, त्यात खसखस, तीळ, काजूचं वाटण, आलं-लसूण, हिरवी मिरची, तुपात तडतडलेले वेलदोडे, लवंग, दालचिनी आणि शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर रस्सा फाटतो. म्हणजे गॅसपाशी माणूस उभा हवा. हॉटेलात पातेलं सकाळपासून दुपारपर्यंत गरम राहिलं पाहिजे आणि माणूस तर कुठे उभा नाही. मग घाला कॉर्नफ्लॉवर, फाटायची भीतीच नको. आमच्यापुढे आलेल्या वाटीवर दोन मिनिटांत साय धरली. मी वाटी तिरकी केली, तर रस्सा वाटीबरोबर तिरका झाला आणि तसाच राहिला. पांढरा रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायचा असतो. हा चमच्याने कापून खायचा होता.

तांबड्याबद्दल एवढंच सांगते, की मी कागदी रुमालाने बोटं पुसली तेव्हा रुमाल गुलाबी झाला. लाल नाही, केशरी नाही, लग्नातल्या पत्रिकेसारखा गुलाबी. मी दर उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी आणून डंकावर चटणी कुटून घेते. तिखटपणाला एक, रंगाला दुसरी. त्या चटणीने हात गुलाबी झालेला मला तरी आठवत नाही. त्यात काय घातलं होतं ते मालकालाच ठाऊक.

तरीही गप्प बसले असते. पाहुणे समोर होते. तेवढ्यात वाढपी पोरगं बादली घेऊन आलं आणि विहीणबाईंच्या ताटातल्या रिकाम्या वाटीत ओगराळंभर तांबडा ओतला. मी विचारलं, "हा शाकाहारी आहे का रे?" पोरगं निरागसपणे म्हणालं, "पीस न्हाईत की त्यात, काकू. नुसता रस्साच हाय."

पीस न्हाईत की त्यात.

विहीणबाईंनी वाटी तोंडाजवळ नेली होती. मी हात धरला म्हणून बरं. त्या काही बोलल्या नाहीत. गळ्यातल्या माळेला हात लावला आणि ताट चार बोटं पुढे सरकवलं. अख्खा मसूर दिसायला बरा होता, पण आता त्याची पळी कोणत्या पातेल्यात बुडून आली असेल हे कोण सांगणार? दही आणि कांदा यावर त्यांनी जेवण उरकलं. तुमच्या लेखात परप्रांतीय कामगारांना इथली पद्धत कळत नाही असं म्हटलंय. हे पोरगं चांगलं करवीर तालुक्यातलं होतं, मी विचारलं. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला मी दोष देत नाही, जाताना वीस रुपये देऊन आले.

मग बिल आलं. एकतीस वर्षं मी पतसंस्थेत कॅश सांभाळली, त्यामुळे बिल उलटं धरलं तरी मला वाचता येतं. मटण थाळी ३८० प्रमाणे पाच, म्हणजे १,९००. शाकाहारी थाळी २२०. पाण्याचे ९०. आणि त्याखाली, 'एक्स्ट्रा पांढरा ४ x ४०', १६० रुपये. माझी लेक, जावई, व्याही आणि आमचे हे, या चौघांनी दुसरी वाटी घेतली होती. घेतली म्हणजे काय, पोरगं जग घेऊन आलं, "पांढरा?" म्हणालं, त्यांनी वाटी पुढे केली. मी घेतली नव्हती, मी पहिलीच संपवली नव्हती.

फलकावरच्या अनलिमिटेडचं काय झालं, हे मी काउंटरवर विचारलं. मालकांनी मेन्यूकार्ड उलटवून शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, की अनलिमिटेड फक्त तांबडा, पांढरा पहिली वाटी. मी चष्मा बदलून वाचलं. खरंच होतं.

त्याखाली आणखी एक ओळ, 'स्टाफ वेल्फेअर ५ टक्के', ११८ रुपये ५० पैसे. आणि ते धरून वर जीएसटी. मालक म्हणाले, "मॅडम, ते सिस्टीमलाच फीड आहे." आता हे मला ठाऊक नव्हतं, लेकीला ठाऊक होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय, की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसरं नाव देऊनही लावायचा नाही आणि बिलात मिसळून त्यावर जीएसटी तर नाहीच नाही. हॉटेलवाले त्याविरुद्ध कोर्टात गेले होते, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. लेकीने एवढं सगळं भाषण केलं नाही. तिने फक्त "१९१५ ला फोन लावू का?" असं विचारलं. ग्राहक हेल्पलाइनचा हा नंबर सिस्टीमलाही माहीत असावा, कारण २,६१३ चं बिल एका मिनिटात २,४८८ रुपये ५० पैसे झालं.

रश्शाचे १६० मात्र जागचे हलले नाहीत. मेन्यूवर छापलेलं आहे ना! सर्व्हिस चार्जला प्राधिकरण आहे, उच्च न्यायालय आहे, टोल फ्री नंबर आहे. पांढऱ्या रश्शाच्या दुसऱ्या वाटीला कोण आहे?

मटण महाग झालंय हे मला कळतं. २०१९ साली दरासाठी याच कोल्हापूरने आंदोलन केलं होतं, आमच्या गल्लीत तेव्हा दोन रविवार मटण शिजलं नव्हतं. गॅसही महाग, नारळही महाग. मग थाळी ४२० ची करा आणि फलकावर तसं लिहा. आम्ही कुरकुरू आणि देऊ. पण ताटावर बसलेल्या पाहुण्याला "पांढरा?" असं हसून विचारायचं आणि मागे पेन घेऊन वाट्या मोजायच्या, ही कुठली रीत? माझ्या लहानपणी मंगळवार पेठेत आमच्या घरामागे एका विधवा बाईंची खानावळ होती. कॉलेजची पोरं, तालमीतली पोरं जेवायची. मटणाचे तुकडे त्या मोजून वाढायच्या, अगदी काटेकोर, माझ्या वडिलांनाही चारच. पण रश्शाची बादली घेऊन मागे उभ्या राहायच्या आणि "नको" म्हणणाऱ्याच्या वाटीत जास्त ओतायच्या. एकदा एक पोरगा उठायला लागला तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलेला मी पाहिलाय. त्या बाई काही श्रीमंत झाल्या नाहीत, हेही खरं. आता त्या जागी मोबाईलचं दुकान आहे.

व्याही फार सभ्य माणूस. बाहेर आल्यावर पान खाताना म्हणाले, "ताई, चव जरा वेगळी होती, पण नागपूरला या, सावजी खाऊ घालतो." कोल्हापूरच्या माणसाला मटणाच्या जेवणावरून नागपूरच्या माणसाने दिलेला दिलासा! मी रंकाळ्याच्या दिशेने बघत राहिले. सोमवारी सकाळी सहा वाजता उठून मटण आणलं, भाकऱ्या थापल्या, पांढरा केला. विहीणबाईंना वेगळ्या गॅसवर, वेगळ्या पातेल्यात अख्खा मसूर. व्याह्यांनी पाच वाट्या प्यायल्या. मी मोजल्या नाहीत, आमच्या ह्यांनी मोजल्या.

त्या लेखात शेवटी 'ग्राहकांनीही हॉटेल व्यावसायिकांना समजून घ्यावे' असं आवाहन आहे. जरूर घेऊ. त्याच पानावर खाली पाव पान जाहिरात होती, तीत तोच फेटेवाला पैलवान होता आणि तेच 'अनलिमिटेड'. हा योगायोग असेल असं मी धरून चालते. मागच्या खेपेला आमच्या गल्लीतल्या पथदिव्यांबद्दल लिहिलेलं माझं पत्र तुम्ही अर्ध्यावर कापून छापलं होतं, नेमका दिव्यांचा मजकूरच गेला आणि उरलं ते फक्त माझं नमस्कार-चमत्कार. हे कापायचंच झालं तर कृपया तांबड्याचा भाग कापा, पांढऱ्याला हात लावू नका.

आपली,
एक जुनी वर्गणीदार
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. : बुधवारच्या शब्दकोड्यात आडवा १४ ला चौकोन चार आणि शनिवारी छापलेल्या उत्तरात अक्षरं पाच. आमचे हे तीन दिवस त्यावर बसले होते.