‘कम्युनिकेशन पुअर’ हा शेरा कुणासाठी, मंत्रिमहोदय?

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांच्या वर्तनावर मारल्या जाणाऱ्या शेऱ्यांबाबत

महोदय,

मी बीड जिल्ह्यातला निवृत्त वैद्यकीय अधिकारी. आमच्या ग्रामीण रुग्णालयात इंटर्न पोस्टिंगला यायचे. दुपारी ओपीडी आटोपली की चहाच्या निमित्तानं कॉलेजातल्या गोष्टी निघायच्या.

2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ आलं. वृत्ती, नीती आणि संवाद आता शिकवायचे आणि तपासायचेही. हे व्हायलाच हवं होतं. आमच्या पिढीला यातलं कुणी काही शिकवलं नाही. माझी हरकत तपासण्याच्या पद्धतीला आहे.

हिंगोलीकडच्या तांड्यावरची एक मुलगी आमच्याकडे इंटर्न होती. एकदा ऊसतोडीवरून परतलेली बाई आली. ‘अंगावरून जातंय’ एवढं बोलून गप्प. मी दोन-चार प्रश्न विचारले, ती पदराशी चाळा करत राहिली. मुलीनं स्टूल जवळ ओढलं, ‘याडी’, म्हणजे आई, अशी हाक मारली आणि गोरमाटी या बंजारा बोलीत बोलायला लागली. बाई मोकळी झाली. फडात आडोसा नाही म्हणून दिवसभर दाबून धरलेली लघवी, पाळीतही उचललेल्या मोळ्या, मुकादमाची उचल फिटेना म्हणून अंगावर काढलेलं दुखणं, सगळं निघालं. एका दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाला होता, तेही तेव्हाच कळलं. तपासणीत तशी काही गरज दिसली नाही. औषधांवर भागलं.

याच मुलीच्या लॉगबुकात कॉलेजातल्या एका युनिटनं लिहिलं होतं : ‘कम्युनिकेशन पुअर.’ राउंडला केस सांगताना तिचं इंग्रजी अडखळलं होतं, एवढंच कारण.

आता याच जिल्ह्याकडे बघा. ऊसतोड बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढल्याच्या तक्रारी झाल्या आणि 2019 मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. असले सल्ले देणाऱ्यांचं इंग्रजी अडखळत नसावं, आणि कोटही इस्त्रीचाच असावा.

प्रश्न फक्त इंग्रजीचा असता तर निभावलं असतं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ‘नीटला रँक किती होता?’ असं विचारलं जातं. त्याचा विषयाशी काय संबंध? त्यावरून विचारणाऱ्याला राखीव कोटा कळतो, आणि पुढच्या प्रश्नांचा सूर बदलतो. हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. दिल्लीच्या एम्सबद्दल सुखदेव थोरात समितीनं 2007 मध्ये अहवाल दिला, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी मूल्यमापनातल्या भेदभावाची तक्रार केली आहे. मे 2019 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या आदिवासी डॉ. पायल तडवीनं जीव दिला, सीनियरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, तेव्हा आपण सगळे हळहळलो. मग?

बायकांना मापही वेगळं लावतात. अमेरिकेत एका शल्यचिकित्सा नियतकालिकानं तरुण डॉक्टरांच्या समाजमाध्यमांवरच्या फोटोंवरून कोण ‘अनप्रोफेशनल’ ते ठरवणारा लेख छापला होता. पोहण्याच्या पोशाखातले फोटोही त्यात धरले होते. जगभरच्या डॉक्टर बायकांनी झोडपल्यावर 2020 मध्ये तो मागे घ्यावा लागला. आपल्याकडे असं छापून येत नाही. ‘फार हसते’, ‘ओढणी नीट घेत नाही’ हे शेरे तोंडी असतात, म्हणून ते मागे घ्यायची वेळही कुणावर येत नाही.

अंतर्गत गुण कमी पडले की विद्यापीठाच्या परीक्षेलाच बसता येत नाही, आणि ते गुण विभागाच्या हातात. तक्रार करायची कुणाकडे? त्याच विभागप्रमुखाकडे. लातूरला दोन वर्षं क्लास लावून, बापाचं रान गहाण ठेवून आलेलं पोर अशा वेळी तोंड उघडत नाही.

आपण आरोग्य विद्यापीठाचे प्रति-कुलपती आहात. विद्यापीठाकडून एवढं करून घ्या : तारीख, प्रसंग आणि विद्यार्थ्याचं स्वतःचं म्हणणं लिहिल्याशिवाय वर्तनाचा शेरा ग्राह्य धरू नये. संवादाचे गुण रुग्णासमोर, रुग्णाच्या भाषेत घेतलेल्या केसवर द्यावेत, आणि डॉक्टर काय म्हणाला ते रुग्णाला कळलं का, हे त्यालाच विचारावं. व्हायवात रँक, गाव, आडनाव विचारायला लेखी मनाई करावी. तक्रार ऐकायला त्या कॉलेजबाहेरचा माणूस असावा. शिक्षकांच्या वागण्यावर विद्यार्थ्यांनीही निनावी शेरे द्यावेत. आमच्या काही प्राध्यापक मित्रांना हे झोंबेल, झोंबू द्या.

परभणी, जालना, हिंगोली, धाराशिव इथली सरकारी कॉलेजं अगदी नवी आहेत. तिथल्या पद्धती अजून घट्ट झालेल्या नाहीत. सुरुवात तिथून करता येईल, तीही पुढच्या सत्राआधी.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी,
जि. बीड